नायट्रिक ॲसिडचे उपयोग आणि अक्काची डबी

जुळे सोलापूर,
गुरुवार, दुपार

तीर्थरूप गुरप्पा दाजींना धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे शिवयोगीचा, शरणु शरणार्थी.

तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं अक्काकडून कळलं, जीव भांड्यात पडला. थेंब वेळेवर घालत चला आणि डोळ्यांना ताण देऊ नका (चार पानी पत्र धाडणाऱ्याने हे सांगणं शोभत नाही, पण काळजी वाटते). इकडे मी आणि राजेश्वरी ठणठणीत आहोत. हातात मोबाइल असताना मी पत्र का लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. दाजी, तुमचा फोन अक्का उचलते आणि व्हॉट्सअ‍ॅप सूनबाई वाचतात. बंद पाकिटावर तुमचं नाव घातलं की घरात दुसरं कुणी त्याला हात लावणार नाही. शेजारचे उदयसिंह उद्या सकाळच्या एसटीने अकलूजला निघालेत, पाकीट ते आणून देतील. मी सगळा विचार करूनच लिहायला बसलो आहे.

विषय अक्काच्या डबीचा आहे. तुमच्या मातोश्री बसव्वांनी लग्नात सुनेच्या गळ्यात घातलेली, इष्टलिंग ठेवायची ती चांदीची डबी. येत्या सोमवारी तुमच्या नातवाचं लिंगधारण आणि ती डबी आता त्याच्या गळ्यात जायची, हे ठरलेलंच आहे. चाळीस वर्षं अक्काने ती स्वतःच पुसली, कुणाला हात लावू दिला नाही. यंदा मनगट प्लास्टरमध्ये, म्हणून नाइलाजाने माझ्याकडे दिली. लिंग वस्त्रात बांधून तिने गळ्यातच ठेवलं आणि रिकामी डबी देताना म्हणाली, "नुसती विभूती लावून पूस. लई घासू नको की." आता तुम्हीच सांगा, एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाने डबी राखेने पुसत बसायचं?

मी ओळखीच्या सराफाकडून नायट्रिक ॲसिड आणलं. (यात तुमचाही थोडा हात आहे. डेअरीत दुधाच्या नळ्यांमधला दगडासारखा थर पातळ नायट्रिक ॲसिडने निघतो आणि नळ्या आरशासारख्या होतात, हे तुम्हीच मला प्रत्येक दिवाळीला सांगत आलात. त्या नळ्या स्टीलच्या असतात आणि स्टील या ॲसिडला दाद देत नाही, चांदी मात्र विरघळते, हे मला ठाऊक होतं. मीच ते शिकवायचो.) म्हणून बेत अगदी काटेकोर होता. काचेच्या बरणीत पाणी, त्यात बेताने ॲसिड, डबी दोऱ्याला बांधून आत सोडायची आणि दोन सेकंदांत बाहेर. काळा थर जाईल, चांदी राहील.

गच्चीवर वारा पाठीशी घेऊन मी डबी सोडली आणि लगेच बरणीतून लालसर तपकिरी धूर निघाला. राजेश्वरी लांब, पाण्याच्या टाकीमागे, पदर नाकाला लावून उभी होती. "हे काय वो?" असं तिने विचारलं. दाजी, निवृत्तीनंतर मला आपणहून प्रश्न विचारणारी ती पहिलीच विद्यार्थिनी. मी सांगू लागलो. हा नायट्रोजन डायऑक्साइड, विषारी, जवळ येऊ नकोस. ॲसिड मुळात बिनरंगी, पण उजेडात ठेवलं की पिवळं पडतं, म्हणून त्याची बाटली तपकिरी. कातडीला लागलं तर पिवळा डाग पडतो आणि कातडी निघेपर्यंत जात नाही (माझी दोन बोटं आत्ता तशीच आहेत, वाण्याने कुणाची हळद म्हणून विचारलं). गुणधर्म संपले की उपयोग आलेच. शेतात टाकायचं खत यातूनच होतं, खाणीतले सुरुंग यातूनच, आपल्या सोलापुरी चादरींना लागणाऱ्या कितीतरी रंगांची सुरुवातही यातूनच. उपयोग एकदा सुरू झाले की घंटा होईपर्यंत मला थांबता येत नाही, आणि गच्चीवर घंटा नव्हती. सोन्याला हे ॲसिड काही करत नाही, इथवर मी आलो तेव्हा राजेश्वरी म्हणाली, "अवो, तुमचे उपयोग संपस्तोवर डबी शिल्लक ऱ्हातीया का बघा की."

मी दोरा वर ओढला. दोराही अर्धाच आला.

पण घाबरून जाऊ नका. पदार्थ नष्ट होत नाही, हे मी दरवर्षी पहिल्याच तासाला सांगायचो. बरणीत तांब्याची तार सोडली, तारेवर करड्या भुकटीच्या रूपाने चांदी परत आली. ती धुऊन, वाळवून स्वच्छ बाटलीत भरून ठेवली आहे. थोडक्यात, डबी सुखरूप आहे, फक्त डबीच्या आकारात नाही. सूनबाईंना आशीर्वाद, बाळाला गोड पापा.

तुमचा आज्ञाधारक,
शिवयोगी

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. ती भुकटी चमचाभरही भरली नाही, आणि तार सोडायच्या आधीच बरणीतलं पाणी मोरपिसासारखं निळं झालं होतं. चांदी विरघळली तर पाणी बिनरंगी राहतं, निळं होतं ते तांब्याने. म्हणजे डबी तांब्याची होती आणि वर चांदीचा मुलामा. हे तुम्हाला माहीत होतं का, असं मी विचारणार नाही. तसं तुम्हीही, उपयोग सांगता सांगता माझ्या दोन सेकंदांची अकरा मिनिटं झाली, त्याबद्दल कुणाकडे बोलू नये. तुम्ही तिकडच्या सराफाकडून सोमवारच्या आत खऱ्या चांदीची तशीच डबी करून घ्या, अक्काला पुसलेली डबी म्हणून मी ती देईन. निळं पाणी मी झाकण लावून जपून ठेवलं आहे.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात राजेश्वरीने विचारलं, दाजींना महिनाभर वाचायला बंदी आहे, मग हे पत्र त्यांना वाचून कोण दाखवणार?

अक्का, पत्र फाडणार होतो, फाडलं नाही. तुला तोंडावर सांगायची माझी छाती झाली नसती. चुकलो, मला फार वाईट वाटतंय. पण एक गोष्ट आत्ता लिहिताना ध्यानात आली. चाळीस वर्षं तू ती डबी पुसलीस. कडांचा मुलामा झिजून लाल तांबं तुला दिसलं नसेल, असं होणारच नाही. म्हणून कुणाला हात लावू देत नव्हतीस, म्हणून मला घासू नको म्हणालीस. सासूबाई होत्या तोवर त्यांना बोलली नाहीस, दाजींनाही नाही. मी ॲसिड आणून जे शोधलं, ते तुला विभूतीने कधीच कळलं होतं.

नवी डबी मीच करून आणतो, चोख चांदीची, सोमवारी सकाळी तुझ्या हातात. तू एवढंच कर. दाजींना "तुमचा आज्ञाधारक, शिवयोगी" इथपर्यंत वाचून दाखव. पुढे काय लिहिलंय म्हणून विचारलं, तर सगळ्यांची खुशाली विचारलीय म्हणून सांग.