माशीचं पाऊल आणि सव्वा वाजताचा सूर्य

श्रीगोंदा,
१४ फेब्रुवारी १९७१

तीर्थस्वरूप रंभाजीमामा यांच्या पायांवर गोरक्षचं डोकं (लांबूनच, कारण माझी कंबर सध्या वाकत नाही. कारण पुढे येईल).

इकडे सगळं ठीक आहे. तिकडे देवळालीत तुमचे गुडघे, भागिरथीमामींचा खोकला आणि तांबडी गाय यांची तब्येत कशी आहे ते कळवावं. ऊस तुटून गेला का, तेही कळवावं. हे पत्र मी काही मागण्यासाठी लिहीत नाही, सहज आठवण आली म्हणून लिहितोय, हे आधीच सांगून ठेवतो.

मामा, तुम्ही चावडीवर सांगता की भाचा सरकारी पगारावर माश्या मारतो. खरं तर मी त्या जगवतो. इथल्या लिंबाच्या बागांत आमच्या योजनेच्या मधमाश्यांच्या दहा पेट्या आहेत. माश्या फुलांवर फिरल्या की लिंबं जास्त धरतात, एवढं आम्ही दोन बहार मोजून सिद्ध केलंय. पण बागाईतदार फुलोऱ्यातच औषध मारतात आणि झाडावर आग्यामोहोळ दिसलं की टेंभा लावून जाळतात. मी तक्ते टांगून तीन व्याख्यानं दिली. पहिल्याला साठ माणसं होती, तिसऱ्याला सात, आणि त्या सातांतले चार निजले होते. (उरलेले तिघे सावलीला बसले होते, असं मागाहून कळलं.)

मग मी साहेबांना म्हणालो की हे संशोधन नाचून सांगू. कारण माशी स्वतःच नाचून सांगते, मामा. एखादीला फुलांची बाग सापडली की ती पोळ्यावर येऊन कंबर हलवत सरळ पावलं टाकते, वळसा घेते, पुन्हा तेच. बाग जितकी लांब, तितका वेळ कंबर हलवायची. सूर्य कुठं आहे आणि त्याच्या डावीकडे जायचं की उजवीकडे, हेही त्या पावलांतच असतं. पोळ्यात उजेड नसतो, म्हणून बाकीच्या माश्या तिला चिकटून मागं मागं फिरतात आणि समजून घेतात. हे मी पुस्तकात पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तुमच्या खळ्याची आठवण झाली आणि पुढची दोन पानं मी नुसतीच उलटली. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही खळ्यावर चुन्याच्या रेघा मारून आम्हाला लेझीम शिकवायचात, सहादेवतात्या ढोल घेऊन बाभळीखाली बसायचे, आणि माझं पाऊल चुकलं की ढोल थांबायचा. तुम्ही ओरडायचात, “पायाकडं काय बघतूस? म्होरं बघ!” ते दिवस फार चांगले होते, मामा. तेव्हा कळलं नाही, म्हणून आता लिहितोय.

असो. आप्पासाहेब नावाचे इथले मोठे बागाईतदार आहेत. त्यांच्या चिंचेवर दोन आग्यामोहोळं आहेत. ते सगळ्यांदेखत म्हणाले, “माशी नाचून रस्ता सांगती, ह्ये दावा. दावलं तर मोहोळ जाळनार न्हाई, फुलात औषिद बी मारनार न्हाई. न्हाई दावलं तर फाल्गुनात टेंभा लावतो.” बाकीचा गाव आप्पासाहेबांकडे बघून चालतो, त्यामुळे सगळं यावरच येऊन ठेपलं.

बेत साधा होता. आप्पासाहेबांच्याच बागेत, त्यांनाही न सांगता, एका झाडाखाली गुळाची ढेप लपवायची. मी माशी होऊन शाळेच्या पटांगणात नाचायचं, आणि माझ्या नाचावरून लोकांनी ढेप शोधायची. कार्यक्रम सकाळी नऊचा, म्हणून आठ दिवस मी सकाळी नऊलाच तालीम केली. सूर्याकडे तोंड, तिथून डावीकडे पाव वळण, सोळा पावलं कंबर हलवत. (ही तालीम पाहून घरमालकीण विमलबाईंनी माझ्यावरून मीठ-मोहरी उतरून टाकली.)

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे नऊचा पाहुणा नऊला आलेला तुम्ही कधी पाहिलाय? आमचे प्रमुख पाहुणे वाटेत तीन सत्कार घेत सव्वा वाजता आले. दीडशे माणसं तोवर उपाशी बसली होती. हारतुरे झाले आणि मी धोतराचा काचा मारून नाचलो. आप्पासाहेब फेटा सावरत माझी कंबर धरून मागच्या माशीसारखे फिरले, हे त्यांचं मोठेपण. सूर्याकडे तोंड, डावीकडे पाव वळण, सोळा पावलं. एकही पाऊल चुकलं नाही. मी पायांकडेच बघत होतो.

मान वर केली तेव्हा आप्पासाहेब दीडशे माणसं घेऊन भलतीकडेच निघाले होते. सकाळी आग्नेयेला असलेला सूर्य सव्वा वाजता दक्षिणेला जाऊन बसला होता, मामा. त्याच्याबरोबर माझी दिशाही फिरली होती. बाग राहिली ईशान्येला आणि लोक पोचले पूर्वेला, गोजरबाईंच्या अंगणात. तिथं पाहुण्यांसाठी पुरणपोळ्यांची चवड लावून ठेवली होती. गूळ सापडला. गरम होता आणि पोळीत होता. गोजरबाई मला मागाहून म्हणाल्या, “मानसं दारात आली, म्या म्हनलं ह्येच पावने. वाढत गेले.” पाहुणे पोचले तेव्हा परातीत फक्त पळी होती.

बिचारी खरी माशी असं कधी करत नाही. सूर्य सरकला की तीही आपलं पाऊल सरकवते. तिला कुणी शिकवत नाही. मला तर तुम्ही शिकवलं होतं.

साहेब माझ्याशी बोलत नाहीत. पाहुण्यांनी ताकावर भागवलं. आप्पासाहेब मात्र मिशीचा गूळ पुसत म्हणाले, “नाच खरा हाय, पर तू कच्चा हायेस. पंचवीस तारखेला पुन्ना दाव. माझ्या बागंत गूळ घावला तर दिला शबुद पाळतो.” साहेबांचं म्हणणं, या वेळी चुकलं तर पेट्या दुसऱ्या जिल्ह्यात जातील आणि मी गोदामात. गोदामाचं मला काही नाही, पण चिंचेवरच्या त्या मोहोळांखालून रोज जातो. त्यांचा तो आवाज बाभळीखालच्या ढोलासारखा लांबून येतो.

मामींना नमस्कार. गाईला माझी ओळख असेल तर तिलाही.

आपला भाचा,
गोरक्ष

ता. क. : घरात बारा लेझमा पडून असतील तर पंचवीसच्या नाचासाठी एस.टी.ने पाठवून द्याव्यात. वापरून लगेच परत करीन.

ता. क. दुसरा : लेझमा पाठवू नयेत. तुम्हीच घेऊन यावं. मला पावलं मोजता येतात, म्होरं बघून नाचता येत नाही, आणि पंचवीसचे पाहुणेही किती वाजता येतील ते देवाला ठाऊक. सहादेवतात्या गेल्यावर तुम्ही लेझीम खुंटीला लावलीत. ढोल नसताना नाचायचं कसं, हे तुमचं म्हणणं मला कळतं. पण मामा, पोळ्यात ढोल नसतो. जी जाऊन आलेली असते तीच नाचते, कारण बाकीच्यांना ती जागा माहीत नसते.

ता. क. तिसरा : गुडघ्यांचं कारण कळवू नये. मामींनी शेजाऱ्यांकडून लिहवून घेतलेलं कार्ड कालच आलं. “तुजे मामा रोज गाईला वैरन टाकतो म्हनून गोठ्यात जात्यात. परवा बगितलं तर लेझमीला फडकं गुंडाळून, आवाज न करता पावलं टाकत हुते. म्या बगितलं ह्ये त्यास्नी सांगू नको.” तेव्हा हे मी सांगत नाहीये. येताना लेझीम आणा, फडकं घरीच राहू द्या.