पंखा थांबल्याशिवाय बटण बंद करू नये

३ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा तेच! काल पिक्चर संपला, मी नातीला, इराला पाणी द्यायला उठलो आणि अरुंधतीने भिंतीवरचं बटण खटकन बंद केलं. प्रोजेक्टरचा दिवा तापलेला असताना! किती वेळा सांगितलं - आधी रिमोटने बंद करायचं, आतला पंखा फिरू द्यायचा, दिवा गार झाला की पंखा आपोआप थांबतो, मग बटण. पण बाईंचा जन्म पालिकेच्या शाळेत गेला. वर्गातून निघताना बटण बंद. घरातून निघताना बटण बंद. नवरा आत बसलेला असला तरी बटण बंद!

आता भोगा. चित्र अंधुक झालंय. डावीकडचा कोपरा तर काळाच. ससा तिकडे पळाला की मला नुसता अंधार, आणि नात खिदळतेय. पोरांना काय, आवाजानेही हसू येतं.

"मला तर नीट दिसतंय हो," अरुंधती म्हणाली. तिला काय, मीठ विसरलेली आमटीही तिला नीटच लागते.

लेकीचं, सईचं वेगळंच. "बाबा, जुनं झालंय ते. आम्ही मोठा टीव्हीच घेतो. इरा घरीच बघेल." म्हणजे झालं! मोशीहून पोरगी दर रविवारी दिघीला येते ती काय माझं तोंड बघायला? या भिंतीसाठी येते. भिंत गेली की नात गेली. येत्या रविवारच्या आत नीट करायचंच.

४ फेब्रुवारी

बटणाच्या वर कागद चिकटवला. ठळक अक्षरात - "पंखा थांबल्याशिवाय बटण बंद करू नये." अरुंधतीने वाचला. म्हणाली, "वाकडा लागलाय." वाकडा! चांगली पट्टी धरून लावलाय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वार विसरलो आणि फसलो. दुपारी पडदे ओढून दिवा तपासत होतो, तेवढ्यात गुरुवारची वीज गेली. दिवा तापलेला, पंखा बंद! पेपरची घडी करून वारा घालत बसलो. अरुंधती दारात उभी राहून हसत होती. "ताप आलाय का त्याला?"

वीज आली, लगेच लावला - पेटेना. बंद केला, चालू केला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. चाकणला कंपनीत मेंटेनन्सच्या पोरांवर मीच ओरडायचो, गरम मशिनला सारखं रिस्टार्ट मारू नका म्हणून. आणि घरी हे असं. बसवत नाही स्वस्थ. रविवार डोक्यावर आलाय.

पेटला शेवटी. अंधुकच. मग मात्र तोंड सुटलं माझं. "तुझ्या बटणाने मारलं याला!"  ती आत जाऊन भाजी चिरायला लागली. सुरीचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

७ फेब्रुवारी

प्रोजेक्टर पिंपरी कॅम्पात नेऊन नवा दिवा आणला. दुकानदाराने जुना लावून बघितला आणि म्हणतो कसा, "अंकल, ये तो अच्छा चल रहा है." अरे बाबा, तुझं दुकान म्हणजे बोगदा! तिथे काडी ओढली तरी उजेड पडेल. विकणारा नको म्हणतोय आणि घेणारा हट्ट करतोय, असा सौदा पहिल्यांदाच झाला.

येताना मॅगझिन चौकात एक बाइकवाला डावीकडून अंगावर आला. हॉर्न नाही, काही नाही! वर मलाच म्हणतो, "काका, बघून चालवा की!" लोकांना शिस्तच उरली नाही.

८ फेब्रुवारी

दिवा बसवला. शेजारच्या ज्योतीरामला मुद्दाम बोलावलं - आम्ही एकाच कंपनीत, तो वेल्डिंगला. "काय बी झालं न्हाई ह्याला. लख्ख हाय की राव, सदाभाऊ!" म्हणाला. जन्मभर ठिणग्या बघितलेला माणूस, त्याच्या डोळ्यांवर काय विश्वास ठेवायचा?

कोपरा अजून काळाच. दिवा तिरका बसला असणार.

९ फेब्रुवारी, रविवार

लिहायलाही लाज वाटते.

इरा आली, उशी घेऊन भिंतीसमोर बसली. पिक्चर सुरू झाला आणि मला काही केल्या राहवेना. तो कोपरा! उठलो, बंद केला, दिवा हलवायला झाकण उघडलं - बोट भाजलं. पुन्हा लावला तर पेटेना. तापलेला तो, कसा पेटणार? तरी बटण दाबत सुटलो. इरा रडकुंडीला आली. "आजोबा, छान दिसत होतं ना! का बंद केलंत?"

आणि मी सगळ्यांसमोर अरुंधतीवर ओरडलो. त्याच त्या बटणावरून. कागद लावल्यापासून तिने बटणाला हात लावलेला नाही, हे मला माहीत होतं. तरी ओरडलो.

सईने इराच्या चपला शोधल्या. "पुढच्या रविवारी नाही जमणार बाबा." जाताना आईला मिठी मारली. मला नाही.

१० फेब्रुवारी

सकाळी पडदे उघडले. भिंतीवर चांगलं ऊन. बिघाड सापडत नसेल तर एकेक भाग बाजूला काढून बघायचा, हीच आमची रीत. म्हणून प्रोजेक्टरच उचलून आत ठेवला. समोर नुसती पांढरी भिंत.

डावा कोपरा काळाच.

उजवा डोळा झाकला. भिंत जवळजवळ गेलीच.

अरुंधतीला हाक मारली. माफी आधी मागू की डोळ्यांचं आधी सांगू, कळेना. ती का येत नाही म्हणून पुन्हा हाक मारली.

"अहो, इथेच तर उभी आहे," ती म्हणाली. माझ्या डावीकडून.