पडसं झालेलं पेडल

इलियास,

गिटार आणि पेडल शोधत बसू नकोस, दोन्ही मी, आज तू वाजवणार आहेस त्या लग्नाच्या मांडवात घेऊन चालले आहे. हो, तू नको म्हणालास तरी मी तुझं वाह पेडल, गिटारचा सूर पायाने वळवायचं ते यंत्र, उघडलं. अख्ख्या आगादेझ शहराचे रेडिओ दुरुस्त करायचे आणि सख्ख्या भावाचं पेडल तसंच कुंथत ठेवायचं, हे मला जमणार नाही.

आपला मामेभाऊ मूसा काल त्याच्या आवाजाला "पडसं झालेली बकरी" म्हणाला, ते खरंच होतं. जाड सूर आत शिरतानाच गळत होते. तिथला कपॅसिटर काढून मोठा घातला, मोडक्या रेडिओतला एक रेझिस्टर लावला आणि घसा मोकळा झाला. आता पाय दाबलास की तार माणसासारखी हाक मारते! शेजारच्या बायकांनी अंगणात येऊन आनंदाच्या आरोळ्या ठोकल्या. मूसा चिडवायलाच धावत आला, पण पेडलशेजारी उकिडवा बसला. मग म्हणाला, "ताई, माझंही पेडल उघड ना."

अरे, मामेभावाने चिडवायचं आणि आपण त्याला सवाई चिडवायचं, ही आपली रीतच. तू मात्र काल रागावून तिसरा चहा न घेताच उठलास; तीन चहा झाल्याशिवाय उठणं म्हणजे आपल्याकडे यजमानाचा अपमान. मामांचा हात किटलीवर तसाच राहिला.

किटली त्यांनी आज पुन्हा निखाऱ्यांवर ठेवली आहे. आधी त्यांच्याकडे जाऊन तो चहा पी, मग मांडवात ये. उशीर केलास तर तुझ्या पेडलवर मूसाचा पाय दिसेल.

ताकियातताई