शेपूट धरायला कुणीतरी

छकुले,

जेवणाचं टेबल माझ्या छोट्या विमानाने अडवलंय, आज स्वयंपाकघरातच जेव. विमानाला हात लावू नकोस. रिमोटचा सिग्नल पकडणाऱ्या रिसीव्हरच्या अँटेना काटकोनात चिकटवल्यात, एक उभी, एक आडवी. मागच्या वेळी दोन्ही अँटेना बॅटरीच्या वायरींना खेटून ठेवल्या, सिग्नल तुटला आणि विमान कोसळलं, चूक माझीच.

सकाळी अंगणात रेंज तपासायला रिमोट घेऊन तीस पावलं चालत गेलो आणि सवयीने ओरडलो, "सुकाणू हलतंय का गं?" विमानाचं शेपूट धरून, त्यावरचं सुकाणू बघून उत्तर देणारी तुझी आई आता नाही, हे जरा वेळ थांबल्यावर लक्षात आलं.

दवाखान्यात राहिलेला तिचा चष्मा आणायला जातोय. संध्याकाळी पाच मिनिटं तू शेपूट धर. सुकाणू हललं तर तोंडाने सांगू नकोस, नुसता हात वर कर.

बाबा