दहा लाखांचा दाखला

प्रिय नाना,

सोमवार, १४ जुलै, सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटे. देवळालीच्या तलाठी कार्यालयाबाहेर बाकावर बसून आपल्या धाकट्या सोनलच्या झेरॉक्स प्रती तिसऱ्यांदा मोजतोय. आई आणि ती चहाला गेल्यात. तुम्हाला जाऊन चार महिने झाले. दहाव्यालाही माझा आवाज चढला नव्हता, पण आज तुमचा इतका राग आलाय की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आठवतं ना हेच कार्यालय? माझं पॉलिटेक्निकचं पहिलं वर्ष. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत दाखवणारा दाखला दिला की अर्धी फी माफ होणार होती. मी तुम्हाला दोनदा समजावून सांगितलं होतं. पण त्या दिवशी तायडीला बघायला आलेल्या स्थळाचे मामा आपल्याबरोबर आत शिरले. तलाठी भाऊसाहेबांनी वर्षाचं उत्पन्न विचारलं, आणि तुम्ही मामांकडे बघून म्हणालात, "लिहा दहा लाख."

भाऊसाहेब हसले. "नाना, गिरणीत पीठ दळता का सोनं?"

मी तुमची बाही ओढली. तुम्ही म्हणालात, "तू गप बस. पोरीच्या लग्नाचं हाय."

कॉलेजच्या क्लार्कने दाखला बघून अर्ज परत केला. मामांनी मात्र दहा लाख खरे मानले आणि नवरदेवासाठी बुलेट मागितली. तुम्ही ती हप्त्यांवर दिलीत. मग दुसऱ्या वर्षाच्या फीला घरात काय उरणार होतं? मी गिरणीत आलो. तुम्ही एकदा तरी म्हणालात का, की चुकलं?

आज सोनलची वेळ. फार्मसीला नंबर लागलाय. दाखला मिळाला तर मुलींचं शिक्षण शुल्क माफ, नाहीतर तीही माझ्यासारखी पिठात. भाऊसाहेबांनी आईला तोच प्रश्न विचारला. आईने आधी मागे वळून आतल्या बाकावर कोण बसलंय ते पाहिलं. शेजारचे वाघमोडे अण्णा होते. ती हळूच म्हणाली, "ह्यांनी मागं दहा सांगितलं हुतं. आता कमी सांगितलं तर लोक म्हणतील, मानूस गेला आन घर बसलं."

नाना, मेल्यावरही तुम्ही तिच्या तोंडून बोलत होतात. माझ्या हातातल्या कागदांचा चोळामोळा झाला. मी काही बोलणार, तेवढ्यात सोनलच बोलली, अण्णांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात.

"एक लाख ऐंशी हजार. गिरणीची वही आणलीय, बघा."

अण्णा म्हणाले, "आमचं तर त्याहून कमी हाय." आणि पुन्हा तंबाखू मळायला लागले. भाऊसाहेबांनी सोनलचाच आकडा लिहून घेतला, आता सही तेवढी बाकी. एवढंच झालं. एवढ्यासाठी तुम्ही माझी वर्षं वाया घालवलीत?

तुम्ही वाईट नव्हता. तायडीसाठी केलंत, हे मला कळतं. पण माझ्यासाठी काय केलंत, ते मला अजून सापडलेलं नाही.

एक वचन देतो. उद्या सोनलला बघायला कोणी आलं, तर पोह्यांच्या आधी मी त्यांच्या हातात हाच दाखला ठेवीन. ज्यांना उठून जायचंय त्यांनी जावं.

तुमचा,
राजेंद्र

आजचा खर्च: अर्ज, प्रतिज्ञापत्र, झेरॉक्स मिळून १४३ रुपये.
देणं: भावजींच्या बुलेटचे उरलेले सात हप्ते, एकूण २७,३०० रुपये. ते मीच भरतोय.