तुमच्या स्टुलावर

बाबा, तुमचं चपराशाचं लाकडी स्टूल अजून साहेबाच्या दाराशीच आहे, आणि नऊ वर्षांपासून त्याच्यावर मी बसते. तुमच्या फोटोले रोज उदबत्ती लावते, पण हे सांगाची हिंमत झाली नाही.

मी चौथीत होती. तुमचा डबा घेऊन ऑफिसात आलती. तुम्ही पाणी द्याले आत गेलते आणि उन्हात चालून माझे पाय पोळत होते, म्हणून मी स्टुलावर टेकली. तुम्ही बाहेर आले अन् बखोट धरून मले उभं केलं. कधी बोट न लावणारा माणूस! "इथं बसाचं नाही. हे स्टूल आपल्या घरात माझ्यापर्यंतच." त्या दिवशी तुमचा डबा तसाच वापस आला. मंग तुम्ही मले शिकवत राह्यले, पार केमिस्ट्रीच्या एम.एस्सी.पर्यंत. निकाल लागला तेव्हा ऑफिसात कोणालेच सांगितलं नाही. नोकरी लागू दे, म्हणाले, एकदमच पेढे वाटीन.

तीन महिन्यांनी तुम्हीच गेले. भाऊ नववीत होता, म्हणून अनुकंपेवर मीच लागली; वरची जागा रिकामी नव्हती, तुमची मात्र होती. फॉर्मवर दहावी लिहिलं गेलं. आईले सांगितलं, ऑफिसातला बाबू म्हणाला डिगरी दाखवली तर फाइल अडकते. तिनं मान हलवली आणि चहा ठेवला.

काम सोपं आहे हो. पाणी, चहा, फाइली. पण येत असून येत नाही असं तोंड करून दिवसभर बसाचं, त्यानं माणूस आतून आंबते. छातीत जळजळ कायमची झाली. नणंदेच्या घरी दाराची घंटी वाजली तर सगळ्यांच्या आधी मीच उभी! पोरगी विज्ञानाचं पुस्तक घेऊन आली की खेकसते, ट्यूशनमध्ये विचार म्हणते. तिले वाटते आईले काही येत नाही. हे मले सगळ्यात जास्त लागते, बाबा.

मंगळवारी किरनापूरकडच्या एका गावच्या हातपंपाचा पाणी-तपासणीचा कागद साहेबाच्या सहीले होता. फाइल मीच धरून उभी होती. तपासणीच्या चिठ्ठीवर फ्लोराइड ४.२, आणि टाइप केलेल्या कागदावर ०.४२. ते पाणी लेकरांच्या दाताहाडाले लागलं असतं आणि कागद म्हणाला असता, चांगलं आहे. साहेबांनी पेन उघडला. मी म्हटलं, "सर, दशांश चुकला."

"तुम्हें कैसे पता?"

"केमिस्ट्री में एम.एससी. हूँ, सर."

नऊ वर्षांनी ते शब्द तोंडातून निघाले. कागद दुरुस्त झाला. मलेही कागद मिळाला: शिक्षण काहून लपवलं, सोमवारपर्यंत लेखी द्या. बाहेर आल्यावर मोठे बाबू हळूच म्हणाले, चूप राह्यली असती तं का बिघडलं असतं, पोरी? नोकरीवर बेतेल आता. घरी नवरा म्हणते, चूक झाली म्हणून माफी माग, विषय संपव.

संपवणार नाही. लपवलं, त्याची माफी लिहिली आहे. बोलली, त्याची नाही. डिगरीची कॉपी जोडली. नोकरी राहो की जावो, आता कोणत्याच कागदावर मी दहावी लिहिणार नाही. काल पोरीले पाशी बसवून तिचा धडा शिकवला. ती पुस्तक सोडून माझ्याच तोंडाकडे पाहत होती.

उत्तरात घरची अडचण लिहिली, ती खरीच आहे. एक गोष्ट मात्र लिहिली नाही. बाबूनं मले काहीच लपवाले सांगितलं नव्हतं. त्यानं नुसतं विचारलं, शिक्षण किती? समोर तुमची फाइल उघडी होती, माझा फॉर्म तिच्यातच लागणार होता. तुमची एम.एस्सी. झालेली पोरगी तुमच्याच स्टुलावर बसली, हे तुमच्या फाइलीत कोणी वाचू नये, म्हणून मीच म्हटलं, दहावी.