विलायती हा-हा अन् दाजींचा पाय

उदगीर

तीर्थस्वरूप अण्णाराव दाजींच्या (प्लास्टरमधल्या) पायाशी मन्मथचे शरणार्थ.

तब्येत कशी हाय असं विचारायला पेन उचललं अन् लाजून पुन्हा खाली ठेवलं. ज्याच्यापायी पाय मोडला त्यानंच खुशाली पुसायची म्हणजे लईच झालं. तरी पुसतो. अक्कानं माझा नंबर ब्लॉक केलाय, तुमचा फोनबी तिच्याच ताब्यात असतो म्हणे, म्हणून हे पत्र. इकडं आमची कमलम्मा मला वेळच्या वेळी वाढते, पण माझ्याशी, सख्ख्या नवऱ्याशी, एक शब्द बोलत न्हाई.

दाजी, ह्याचं मूळ विलायतेत हाय. आमच्या पोरीनं, शिवानीनं, आम्हाला तिकडं नेलं तेव्हा एका खेड्यातली जमीनदाराची जुनी हवेली दाखवली. समोर देवळासारखे खांब (मी बूट काढून, हात जोडून आत गेलो. आत देव न्हाई, नुसता जिना! पोरगी लई लाजली). आजानं मधला भाग बांधला, पोरानं उजवी बाजू काढली, अन् नातवाला डावी काढावीच लागली, कारण तिथं दोन्ही अंगं सारखी दिसायला पाहिजेत. एका अंगाला खिडकी कमी पडली तर भिंतीवर खोटी खिडकी काढतात! स्वयंपाकघर एका टोकाला, जेवायची खोली दुसऱ्या टोकाला. पिढ्यान्‌पिढ्या बिचारे गार जेवले. (त्यालाच कंटाळून आपल्या देशात आले असतील.)

पण मी भाळलो तिथल्या हिरवळीवर. घरातून बघावं तर हिरवळ थेट कुरणाला भिडलेली, कुंपण कुठंच न्हाई, अन् तरी गाई अलीकडं येत न्हाईत. मधे खोल चर असतो. घराच्या बाजूनं उभी भिंत, पलीकडून उतार, त्यामुळं घरातून तो दिसतच न्हाई. चालणारा काठावर येऊन दचकतो अन् 'हा-हा!' करतो, म्हणून त्या चराचं नावच हा-हा. आण घेऊन सांगतो, हेच नाव हाय.

झालं! परत आल्याबरोबर मळ्यातल्या नव्या घरापुढं जेसीबी लावून मीबी हा-हा काढला. शेजाऱ्याच्या म्हशी थांबल्या, माझं तोंड काही थांबेना. आडतीवर तुरीचा भाव विचारायला आलेल्या माणसाला मी हा-हा समजावत बसलो होतो.

पुढचं तुम्हाला ठावं हाय, तरी माझ्या बाजूनं सांगतो. वास्तुशांतीचं जेवण झालं, तुम्ही पान चघळत हिरवळीवर निघालात अन् मागं वळून विचारलंत, "मन्मथ, इकडून सरळ जाऊ का?" कुणीबी शहाण्यानं 'खड्डा!' म्हणून बोंब मारली असती. पण एवढ्या पाहुण्यांपुढं मला विलायती शब्दच सुचला. मी ओरडलो, "हा-हा! हा-हा!" तुम्ही म्हणालात, "हां तर हां," अन् चालू लागलात. मी दोन्ही हात हलवून आणखी जोरात, "हा-हा!" तुम्हीबी खुशीत हात हलवलात, पाऊल टाकलंत अन् दिसेनासे झालात.

खरी लाज पुढंच हाय. तुम्ही खाली कण्हत होता, तेव्हा मी काठावर उभा राहून पाहुण्यांना सांगत होतो, की विलायतेतबी लोक असेच पडायचे. ते अक्कानं ऐकलं. माझ्याकडं एकदा बघितलं अन् पदर खोचून तुमच्यासाठी खाली उतरली. दाजी, तिनं मला चार लोकांत थोबाडलं असतं तर बरं झालं असतं.

चर बुजवला. (निम्मा. जेसीबीवाला फोन उचलत न्हाई.)

नाक घासायला तयार असलेला तुमचा मेहुणा,
मन्मथ

ता.क. : नागपंचमी आली. लग्न झाल्यापासून अक्काची एकबी पंचमी माहेराबाहेर गेली न्हाई. बाप गेल्यापासून तिला न्यायला मीच येतो. ती यायची नसेल तर ते घर मी कुणासाठी बांधलं? दाजी, अक्काला धाडा. एवढंच म्हणायचं होतं, हवेलीचं उगंच लिहीत बसलो.

ता.क. दुसरा : पत्र पोस्टात टाकायचा धीर झाला न्हाई. मीच नांदेडला आलो अन् तुमच्या खालच्या किराणावाल्याच्या हाती हे वर धाडलं. खिडकीतून बघा, समोरच्या चहाच्या टपरीवर बसलोय. अक्काला म्हणावं, भाऊ न्यायला आलाय. तिनं खिडकी लावून घेतली तर मी काय ते समजेन, अन् उद्या परत इथंच येऊन बसेन.